तटावर, पाण्याकडे तोंड करून

कोंढ्यात सकाळी एसटीची वाट बघत उभं राहायचं, ही आजची पहिली बैठक. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीला जाणारी गाडी केव्हा येईल, असं पानठेल्यावर विचारू नका. "येऊन राहिली" असं उत्तर मिळेल, आणि आपल्याकडे त्या उत्तराचा अर्थ पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत काहीही होतो. दिवस मार्गशीर्षाचे आहेत. धान कापून झालंय. बांध्यांमध्ये नुसती खुंटं उभी आहेत आणि त्यांच्या मधून लाखोरी वर आलीय. धान उभं असतानाच तिचं बी ओल्या चिखलात फेकून दिलेलं असतं, नांगर नाही की वखर नाही. तिच्याकडे जरा वेळ बघा. पिशवी खांद्यावरून खाली ठेवा. दोन्ही पाय जमिनीला टेकलेत का, तेही बघा. माझे बहुतेक वेळा टेकलेले नसतात. ते पुढच्या गावी पोहोचलेले असतात.

आज दिवसभर आपण वाट पाहण्याकडे लक्ष देणार आहोत. लढाईच्या जागा बघायला गेलेला माणूस तोफ शोधतो, तलवार शोधतो, शिलालेखाची पाटी शोधतो. पण हल्ला व्हायचा तो एका सकाळचा, फार तर दोन-चार दिवसांचा. त्याच्या आधीची वाट महिन्यांची असते, कधी पिढ्यांची. तट बांधतात तेच मुळी वाट पाहायला.

ही सहल सुचली ती पुतण्यामुळे. तो ओस्लोला नोकरीला आहे. एका रविवारी ड्रोबाक नावाच्या गावी जाऊन, छोट्या बोटीने समोरच्या बेटावरचा ऑस्कर्सबोर्ग किल्ला बघून आला आणि व्हिडिओ पाठवला. निळंशार, चिंचोळं पाणी, दोन्हीकडे झाडी, मधे गोल दगडी किल्ला. "काका, यालाच फियॉर्ड म्हणतात. आपल्याकडे आहे का असं काही?" मी लिहिलं, "पवनी." त्याने हसणारे तीन चेहरे पाठवले.

हसू दे. शाळेच्या भूगोलात आपण 'फियॉर्ड किनारा' पाठ केला आणि विसरलो. आता गाडीत खिडकीशी बसून तो शब्द सावकाश उलगडू. बर्फाची नदी हजारो वर्षं डोंगर खरवडत उतरते, अरुंद नि खोल दरी कोरते. मग बर्फ वितळतो, समुद्र चढतो आणि दरीत शिरतो. नॉर्वेतला सोग्नेफियॉर्ड असा समुद्रापासून २०० किलोमीटर आत गेलाय आणि काही ठिकाणी १३०० मीटर खोल आहे. म्हणजे फियॉर्ड ही बुडालेली दरी. वरून जे डोळ्यांना सुख देतं ते पाणी. दरी खालीच आहे, कुठे गेलेली नाही.

आपल्याकडे बर्फ कुठला, असंही चटकन म्हणू नका. चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठी इरई गावापाशी खडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत, आणि ते भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलेत. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीचे. मे महिन्यात ज्या चंद्रपुरात पारा ४७ अंशांपुढे जातो, तिथे. मला स्वतःला ही गोष्ट ऐकल्यावर दोन दिवस गार वाटलं होतं.

पवनी आली. उतरा, पण लगेच चालू लागू नका. चहा घ्या, तर्री-पोहे घ्या. रिकाम्या पोटी मनन होत नाही, भुकेचंच मनन होतं.

जुनं पवनी गाव तीन बाजूंनी तट आणि खंदक यांनी वेढलेलं, चौथ्या बाजूला वैनगंगा. तटाजवळून चाला. खंदकात जिथे पाणी आहे तिथे शेवाळ, जिथे नाही तिथे बेशरमाची झुडपं. आता एक जागा निवडा, जिथे तटाचा दगड हाताला लागेल, आणि तळहात त्यावर ठेवा. पहिल्यांदा फक्त गार लागेल. थांबा. मग खरखर कळू लागेल, मग एका कडेला छिन्नीच्या आडव्या रेघा. दगडावर राखी रंगाचे बुरशीचे गोल चकते, एकात एक मिसळलेले, बारश्याच्या दिवशी पाटावर काढलेल्या रांगोळीइतके नेटके. दोन दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं मूळ आत गेलंय, करंगळीएवढं जाड. त्याच्या कडेकडेने मुंग्यांची ओळ चाललीय आणि एका मुंगीच्या तोंडात तांदळाची कणी आहे. ती कणी कुठून आली आणि कुठे चाललीय, हे बघत राहा. ती मुंगी तटात शिरेपर्यंत हात काढू नका.

ती जिथे शिरली तिथे आत दगड नाही, माती आहे. हा तट मातीचा. दगड हे त्याचं अंगावरचं पांघरूण. पांघरूण अलीकडचं आहे, अंग फार जुनं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत खोदलं. प्राध्यापक शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी ते काम केलं. जगन्नाथ टेकडी म्हणून ज्या टेकाडावर लोक येत-जात होते ते टेकाड स्तूप निघालं, इसवी सनापूर्वीचा. पुढे १९९४ मध्येही उत्खनन झालं. दगडांवर दात्यांची नावं निघाली. एकावर पाच फण्यांचा नाग कोरलेला आणि शेजारी त्याचं नावही कोरलेलं: मुचलिंद. बोधीनंतरच्या दिवसांत पाऊस कोसळू लागला तेव्हा बुद्धावर फणा धरून बसलेला नाग. पाऊस थांबेपर्यंत तोही वाटच बघत होता म्हणायचा.

पवनीत सापडलेल्या एका खांबाबद्दल मात्र थोडं जास्त थांबू. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या नावाचा तो स्मारकस्तंभ आहे. त्यावर प्राकृतात जो शब्द आहे त्याचा अर्थ 'छायाखांब'. छाया म्हणजे इथे प्रतिमा, असं विद्वान सांगतात, आणि ते बरोबरच असणार. पण आपण विद्वान नाही, आपण तटाच्या सावलीत उभे आहोत. अर्थाचं ओझं बाजूला ठेवून तो शब्द नुसता दोन-तीनदा मनात म्हणा. छायाखांब. एक माणूस गेला आणि मागच्यांनी त्याच्या सावलीला उभं राहायला दगड दिला. तो कुठे मेला, लढाईत की अंथरुणात, खांबाला ठाऊक नाही. आता तटाची सावली बघा. तुम्ही आलात तेव्हा ती तुमच्या पायाशी होती. आता कुठे आहे?

युद्धाकडे वळू. देवगडच्या गोंड घराण्यात गादीवरून तंटा झाला, राणीने रघूजी भोसल्यांना हाक दिली, आणि १७३८-३९ च्या सुमारास वैनगंगेकाठच्या या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा हात पडला तो पडलाच. मदतीला आलेला पाहुणा घरमालक होऊन बसला, असं हे प्रकरण. आपण शाळेत रघूजींच्या बंगालच्या स्वाऱ्या अभिमानाने शिकलो. गोंडांच्या घरी हाच धडा कसा शिकवत असतील, याचा विचार मी पन्नाशी उलटेपर्यंत केला नव्हता.

मग इंग्रज. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसले हरले. पुढच्या वर्षी त्यांना कैद करून अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात ते वाटेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. राजा पळाला, पण त्याच्या नावाने ठिकठिकाणी लोक उठले. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, किल्ला मे १८१८ मध्ये पडला. आणि पवनी? जुन्या इंग्रजी गॅझेटियरात पवनीवरच्या छोट्या नोंदीत सांगितलंय, की किल्ल्याचा तट बऱ्याच ठिकाणी थेट वैनगंगेतून वर उठतो आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी हल्ला चढवून हा किल्ला घेतला. एवढंच. त्याच नोंदीत पवनीच्या रेशीमकाठी कापडाचं कौतुकही आहे.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघा. किल्ला पडला, आणि काठ रेशमी. पवनी हे विणकरांचं गाव, कोष्ट्यांच्या मागांचं. ज्या रात्री तटावरचे पहारेकरी पलीकडची शेकोटी मोजत होते, त्या रात्री खाली गल्लीत कुठल्यातरी मागावर अर्धं लुगडं ताणलेलं असणारच. ताणा लावलाय म्हणजे तो तसाच ठेवून पळता येत नाही, आणि पळावं तरी कुठे, तीन बाजूंना आपणच खणलेला खंदक, चौथ्या बाजूला नदी. त्या विणकराची कल्पना करा. घाई करू नका, त्याला चेहरा आपोआप येईल. धोटा हातात आहे. तो टाकावा की टाकू नये? दिवा ठेवावा की मालवावा? बाहेरचा आवाज ऐकू यावा म्हणून श्वास धरून तो बसलाय. तुम्हीही क्षणभर श्वास धरा. आता सोडा. त्याला सोडता आला की नाही, ते गॅझेटियरात नाही.

आता नदीकडे उतरू. वैजेश्वराच्या घाटावर ऊन चांगलं तापलेलं असेल, तरी पायरी निवडून बसा. बायका कपडे धूत असतील, एखादा ढिवर डोंगा काठाला लावून जाळ्यातला गुंता सोडवत असेल. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. घाटावर बसलं की ते पटतं, नगरपालिकेचा कचरा दिसला की आणखी पटतं. पाण्याकडे तोंड करा. डोळे मिटायची गरज नाही. डोळे मिटून केलेल्या मननावर माझा फारसा विश्वास नाही, मला हटकून झोप लागते. पाण्यावरची एक काडी धरा, म्हणजे नजरेने धरा, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याबरोबर जा. मग दुसरी.

तिसऱ्या काडीला पुतण्याच्या व्हिडिओतला किल्ला आठवू द्या. ९ एप्रिल १९४०, पहाटेचा अंधार. जर्मनीचं नवंकोरं लढाऊ जहाज ब्ल्यूखर ओस्लो घ्यायला फियॉर्डमधून आत शिरतंय, पोटात सैन्य आणि कारकून, कारण सकाळी राजधानीत कचेऱ्या थाटायच्या आहेत. ड्रोबाकपाशी पाणी अगदी अरुंद होतं. तिथे ऑस्कर्सबोर्ग, आणि किल्ल्यावर कर्नल बिर्गर एरिक्सन, निवृत्तीला टेकलेला. हाताखाली बरीचशी नवखी पोरं. तोफा १८९३ सालच्या, क्रुपच्या, म्हणजे जर्मनीतच घडवलेल्या. त्यांना बायबलातली नावं, मोझेस आणि आरोन. येणारं जहाज कुणाचं, हेसुद्धा पक्कं कळलेलं नाही. वरून स्पष्ट हुकूम नाही. आहे ती फक्त जवळ येणारी काळी आकृती.

तो थांबला. जहाज अगदी टप्प्यात येईपर्यंत थांबला. मग दोन तोफा एकेकदाच उडाल्या, त्यांना पुन्हा भरायला वेळच नव्हता. खडकात लपवलेल्या, चाळीसेक वर्षं जुन्या टॉर्पेडोंनी पुढचं काम केलं. सकाळी ब्ल्यूखर शेकडो माणसांसकट तळाशी गेलं. ओस्लो त्याच दिवशी पडलं, पण मधल्या काही तासांत राजा, संसद आणि बँकेतलं सोनं शहराबाहेर निघालं होतं.

जहाज अजून तिथेच आहे. १९९४ मध्ये त्याच्या टाक्यांमधून हजार टनांहून अधिक तेल उपसून काढलं, तरीही थोडं थोडं वर येतच असतं. पुतण्या सांगत होता, त्याने बोटीतून शोधलं, दिसलं नाही. पाणी फार सुंदर होतं, म्हणाला. मी त्याला काही बोललो नाही. सुंदर पाणी बघून आपल्यालाही सुंदरच म्हणावंसं वाटतं, आणि म्हणावं. फक्त तेवढ्यावर उठू नये. आणखी पंधरा मिनिटं बसावं.

तर बसा. एरिक्सनची रात्र आणि पवनीच्या पहारेकऱ्याची रात्र, दोन्हींत अरुंद पाणी आहे, जुना तट आहे, अंधार आहे. एकाच्या नावाचा पुतळा झाला, दुसऱ्याचं नावही उरलं नाही. एकाच्या थांबण्याने काही तास मिळाले, दुसऱ्याच्या थांबण्याने काय मिळालं ते विचारायला कोणी नाही. पण थांबताना दोघांच्या तळहाताला जो घाम आला असेल तो सारखाच खारट. तुमचा तळहात बघा. सकाळी दगडावर ठेवला होता, त्याची धूळ अजून रेषांत असेल. धुवायचा असेल तर नदी समोरच आहे.

दुपार कलली की गोसेकडे निघू. पवनीच्या वरच्या अंगाला वैनगंगा अडवली आहे. नकाशावर नाव इंदिरासागर, लोकांच्या तोंडी गोसेखुर्द किंवा नुसतं गोसे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केलं; २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ३७२ कोटींचं मूळचं काम, त्याची पुढे किती हजार कोटी झाली ती मोजदाद इथे नको, जीव दमतो. धरणाची भिंत ११ किलोमीटरहून लांब, दरवाजे ३३. पावसाळ्यात ते उघडले की नागपूरहून गाड्या भरभरून लोक धबधबा बघायला येतात. मार्गशीर्षात दरवाजे मिटलेले. भिंतीवर वारा असतो आणि आत पाणीच पाणी.

इथे उभं राहून पुतण्याला फोटो पाठवला तर तो हसणार नाही. क्षितिजापर्यंत निळं, मधे मधे वाळलेल्या झाडांचे शेंडे, त्यांवर पाणकावळे पंख उघडून वाळत बसलेले. बुडालेली दरी. हिमनदीने नाही, आपण बुडवलेली. समुद्राने नाही, वैनगंगेने भरलेली. झाडाचा एकच शेंडा निवडा. पाण्याबाहेर आहे तो चार हात. आता नजर पाण्याच्या रेषेपाशी न थांबवता खाली न्या, खोडाने खाली, दिसत नसलं तरी. फांद्या जाड होतात. खोड. बुंधा. बुंध्याला बांधलेला पार असेल. पारावर कोणी बसत असेल. पाराच्या समोरून बैलगाडीची चाकोरी. चाकोरीने डावीकडे वळा.

माझी आत्या अशाच एका बुडीत गावची. नवीन गावठाणात येऊन तिला आता बरीच वर्षं झाली. सिमेंटचे रस्ते सरळ रेषेत, घरांना नंबर. तिथले लोक आपल्या गावाला गावाच्या नावाने हाक मारत नाहीत, 'पुनर्वसन' म्हणतात. "मी पुनर्वसनात राहतो." आत्या मात्र जुन्या गावाबद्दल बोलताना 'होतं' म्हणत नाही. "आमचं गाव खाली हाये," म्हणते. आधी सर्व्हे झाला तेव्हा तिचं लग्न नवं होतं. धरण होणार, उठावं लागणार, म्हणून तिच्या सासऱ्यांनी घराच्या मागच्या भिंतीला गिलावा केला नाही. उठायचंच आहे तर कशाला खर्च. मग मुलं झाली, शाळेत गेली, थोरलीचं लग्न ठरलं, मांडव पडला, पाहुणे आले, आणि ती मागची भिंत तशीच, माती दाखवत. वीसेक वर्षं एक घर उद्या उठायचं म्हणून उभं होतं. शेवटी पाणी आलं ते हळू आलं. बांधीत, मग आवारात, मग विहिरीच्या कठड्यावर. निघताना तिने त्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, निदान एकदा सारवायला तरी पाहिजे होतं.

ही सगळी हकिगत तिने मला तांदूळ निवडता निवडता सांगितली. सुपातून नजर वर केली नाही.

याला कोणी युद्ध म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. कालव्याच्या पाण्यावर धान पिकतं, मी तो भात खातो. तरी भिंतीवर उभे आहात तोवर दोन्ही गोष्टी हातात धरून ठेवा, एकीने दुसरी खोडू नका. पाणकावळा उडाला की तुम्हाला वाटेल आता निघावं. तो दुसऱ्या शेंड्यावर बसेपर्यंत थांबा.

परतीला पवनीच्या स्टँडवर अंधार पडायला आलेला असतो. बाकावर एक म्हातारे आजोबा, पायाशी बांधलेलं गाठोडं, शेजारी नातवंड बिस्कीट खाणारं. "भंडारा गाडी लागली का बाबा?" आजोबा विचारतात. तुम्ही सकाळपासून एवढं मनन केलंत, तरी तोंडातून तेच येतं.

"येऊन राहिली."

नातवंड बिस्किटाचा तुकडा खाली टाकतं. एक मुंगी येते, मग दुसरी. गाडीचे दिवे वळणावर दिसतात तेव्हा तुकडा बाकाच्या पायापर्यंत पोहोचलेला असतो. आजोबांचं गाठोडं उचलून द्या, आधी त्यांना चढू द्या. कंडक्टर मशीन हातात घेऊन येईल.

"कोंढा, एक."